गाडीवरचे पांढरे डाग: चूक फडक्याची, हाताची की दगडाची?

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात पार्किंगमधून करूया. तुम्ही रविवारी गाडी धुता. शाम्पू वापरता, भरपूर पाणी मारता. अर्ध्या तासाने ऊन बॉनेटवर पडतं आणि सगळीकडे गोल गोल पांढरे डाग दिसायला लागतात. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर बघायलाच नको. मग आपण शाम्पू बदलतो, फडकं बदलतो, आणि गाडी धुवायला कुणी येत असेल तर त्या माणसालाच बदलतो.

मी कामाने सॉफ्टवेअरवाला. तोच बग पुन्हा पुन्हा आला की आम्ही मागे मागे जात मूळ कारण शोधतो. या डागाचं मूळ शोधत गेलो तर मी अठराव्या शतकातल्या लंडनला पोहोचलो आणि तिथून परत आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडापाशी आलो.

आधी डाग म्हणजे नक्की काय ते बघू. पाऊस पडताना पाणी हवेतला थोडा कार्बन डायॉक्साइड घेतं, मातीतून झिरपताना आणखी घेतं. असं किंचित आम्ल झालेलं पाणी दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवतं. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं. पण थेंब गाडीवर पडून वाळला की पाणी उडून जातं, वायू निघून जातो आणि मागे उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळपास खडूच. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो तो हाच. नळाच्या तोटीवरचाही हाच.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणायचे, कारण त्यात साबणाचा फेस होत नाही. घरी त्याला जड पाणी म्हणतात. 'या विहिरीचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही' हे वाक्य तुमच्याही आजीच्या तोंडी असणार. प्रयोगशाळा नसताना केलेली ती पाण्याची तपासणीच होती.

आता लंडन. हेन्री कॅव्हेंडिश हा शास्त्रज्ञ हायड्रोजनसाठी प्रसिद्ध आहे. १७६७ साली त्याने लंडनच्या रॅथबोन प्लेस भागातल्या एका पंपाच्या पाण्यावर निबंध छापला. ते पाणी उकळलं की तळाशी पांढरा गाळ बसायचा. कॅव्हेंडिशने दाखवलं की हा चुनखडीचा भाग पाण्यात 'फिक्स्ड एअर'मुळे, म्हणजे आजच्या भाषेत कार्बन डायॉक्साइडमुळे, विरघळून राहतो. वायू निघून गेला की चुनखडी खाली बसते. तुमच्या बॉनेटवर थेंब वाळतो तेव्हा होतं ते हेच, फक्त चूल सूर्याची असते.

मग १८४१ मध्ये थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पाणी मऊ करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ऐकायला उलटी वाटेल अशी पद्धत आहे: जड पाण्यात चुन्याची निवळी घालायची! चुना त्या पाण्यातला कार्बन डायॉक्साइड ओढून घेतो, आणि मग आधीची चुनखडी आणि नवा चुना दोन्ही गाळ होऊन तळाला जातात. पाणी किती जड आहे हे मोजायची त्याची रीतही साधी होती. नमुन्यात साबणाचं द्रावण थोडं थोडं घालत हलवायचं आणि फेस टिकायला किती साबण लागला ते बघायचं. आपला 'दुष्फेन' शब्द आठवला ना?

क्लार्कच्या काळात मोटारी नव्हत्या, पण घोडागाड्या होत्या, आणि श्रीमंतांच्या बग्ग्यांवर जवसाच्या तेलाचं चकचकीत व्हार्निश असायचं. त्या काळच्या इंग्रजी आणि अमेरिकन मार्गदर्शकांमध्ये कोचमन लोकांना दिलेल्या सूचना वाचल्या की हसू येतं, कारण आजचे डिटेलिंगचे व्हिडिओ तेच सांगतात. गाडी सावलीत धुवा. भरपूर पाणी आणि स्पंज वापरा. आणि पाणी आपोआप वाळू देऊ नका, डाग पडतील. मऊ चामड्याने लगेच टिपून घ्या. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या तबेल्यातल्या माणसांना हा नियम रोजच्या कामातून ठाऊक होता.

ते चामडं म्हणजे शामॉय. युरोपच्या डोंगरांत राहणाऱ्या शेळीसारख्या एका प्राण्याचं हे नाव. पुढे मेंढीच्या कातडीचा आतला थर माशाच्या तेलात कमवून तसंच चामडं बनवायला लागले, पण नाव तेच राहिलं. आज दुकानात पिवळं, ओलसर, रबरासारखं फडकं 'शॅमी' म्हणून मिळतं, ते याच चामड्याचं कृत्रिम भावंड.

मोटार आली तेव्हा सुरुवातीला रंग बग्गीचाच होता. हाताने थर द्यायचे, वाळू द्यायचे, घासायचे, पुन्हा थर. एका गाडीला आठवडे लागायचे. फोर्डने मॉडेल टी कित्येक वर्षं फक्त काळ्या रंगात विकली. नंतर ड्यूपाँट कंपनीचं ड्यूको नावाचं झटपट वाळणारं लॅकर आलं. जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्यांना ते निळ्या रंगात दिलं आणि रंगाचं काम आठवड्यांवरून तासांवर आलं. १९८० च्या दशकापासून रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रुळली. आपण आज गाडी धुतो म्हणजे खरं तर हा पातळ पारदर्शक थर धुतो. त्याच्या आरशासारख्या चकाकीत खडूचा बारीकसा ठिपकाही उठून दिसतो.

आणि डाग गोल, कडेला जास्त पांढरा का असतो? १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या गटाने 'नेचर'मध्ये कॉफीच्या डागाबद्दल याचं उत्तर दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथे पाणी लवकर उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबत कॉफीचे कण नेतं. म्हणून कडी तयार होते. गाडीवरच्या थेंबातले क्षारही बरेचसे असेच कडेला जाऊन बसतात.

आता आपल्याकडे या. दख्खनचा पठार म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेली खनिजं भरपूर. सह्याद्रीतल्या धरणाचं पाणी म्हणजे पावसाचं पाणी, दगडाशी फार काळ संगत न झालेलं, त्यामुळे तुलनेने मऊ. बोअरचं पाणी मात्र दगडाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. ते जड असणं साहजिक आहे.

महाराष्ट्रात बोअरवेलचा जोर वाढला त्यात १९७२ च्या दुष्काळाचा मोठा वाटा आहे. उघड्या विहिरी आटल्या आणि कठीण दगड फोडून खोल जाणारी यंत्रं गावोगाव फिरायला लागली. इतक्या खोलून पाणी ओढायला दणकट हातपंप हवा होता. सोलापुरात तयार झालेल्या पंपाच्या नमुन्यावरूनच पुढे 'इंडिया मार्क टू' बनला, जो जगभर गेला. बोअरने लाखो लोकांची तहान भागवली. त्याबरोबर दगडातले क्षारही वर आले.

आज शहराच्या कडेला वाढलेल्या सोसायट्यांमध्ये टाकीत काय असतं? थोडं महापालिकेचं, थोडं बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं, आणि टँकर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या बोअरवर भरलेला. म्हणजे मार्चमध्ये एक पाणी, मे महिन्यात दुसरं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारं पाणीसुद्धा काळ्या गाडीवर नकाशे काढू शकतं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मे महिन्यात तक्रारींची माळ लागली होती. 'दादा नीट पुसत नाहीत', 'महिन्याचे पैसे कापा', वर चार-पाच अंगठे. हे दादा पहाटे साडेपाचला येतात, सोसायटीने ठरवून दिलेल्या दोन बादल्यांत दहा गाड्या पुसतात. त्याच आठवड्यात बोअरची मोटर जास्त वेळ चालू होती, हे कुणीच जोडून पाहिलं नाही.

मी एक साधा प्रयोग केला. काचेच्या तुकड्यामागे काळा कागद लावला आणि वर चार थेंब ठेवले: धरणाचं पाणी, बोअरचं, आरओचं आणि एसीच्या पाइपमधून गळणारं. उन्हात वाळू दिले. बोअरच्या थेंबाची ठसठशीत पांढरी कडी उरली, धरणाच्या थेंबाची पुसट. आरओचा ठिपका शोधावा लागला आणि एसीचा दिसलाच नाही. फोटो ग्रुपवर टाकला. पैसे कापायचा विषय त्यानंतर निघाला नाही.

इथे इतिहासातली एक गंमत सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्सने पाणी मऊ करायला झिओलाइट प्रकारचे पदार्थ वापरले. झिओलाइट कॅल्शियम पकडून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. बाथरूममध्ये लावतात तो सॉफ्टनर याच तत्त्वावर चालतो, आता फक्त आत रेझिन असतं. आणि झिओलाइटच्या सुंदर स्फटिकांसाठी जगात नावाजलेल्या जागा कुठल्या? पुणे, नाशिक, जळगाव! बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये ते सापडतात. ज्या दगडाने पाणी जड केलं, त्याच्याच पोटात जडपणा काढणारं खनिज आहे. एक लक्षात ठेवा मात्र: सॉफ्टनरच्या पाण्यातले क्षार बदलतात, संपत नाहीत. त्याचा डाग सहज निघतो, पण पडतो.

तर दोनशे-अडीचशे वर्षांच्या या गोष्टीतून रविवारसाठी काय घ्यायचं?

गाडी सकाळी लवकर किंवा सावलीत धुवा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. कोरडी धूळ फडक्याने पुसू नका, आधी पाण्याने सैल करा, नाहीतर क्लिअर कोटवर चरे पडतील. टपापासून खाली या आणि एकेक भाग धुऊन लगेच खंगाळा. फेस वाळू देऊ नका.

आरओचं टाकाऊ पाणी गाडीला वापरा असा सल्ला सगळे देतात. पाणी वाचतं, म्हणून चांगलाच सल्ला आहे. पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते पहिल्या धुण्याला वापरा, शेवटच्याला नको. शेवटी एसीचं साठवलेलं पाणी फडक्यातून गाळून घ्या, किंवा पावसाळ्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी. एक छोटी बादली पुरते.

मग टिपणं. मायक्रोफायबरचा पाया १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धागा काढला तेव्हा घातला गेला. धागे इतके बारीक की त्यांच्या फटींत पाणी ओढलं जातं. मोठा टॉवेल गाडीवर पसरा, थोपटा आणि उचला, रगडू नका. आरसे, हँडल, नंबरप्लेट इथे लपलेलं पाणी नंतर ओघळतं, तेही टिपा. डाग आधीच पडला असेल तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून थंड पत्र्यावर आधी एका कोपऱ्यात लावून बघा, मिनिटभराने धुऊन टाका. खडू आम्लात विरघळतो, घासायची गरज नाही.

आणि तुमची गाडी दुसरं कुणी धुत असेल तर त्यांना एक चांगला टॉवेल आणि शेवटच्या हाताला एक बादली मऊ पाणी द्या. कोचमनला निदान घडीचं शामॉय मिळायचं. आपण जुन्या बनियनचा तुकडा देतो आणि आरशासारखी गाडी मागतो. पगार कापण्याआधी काचेवर दोन थेंब वाळवून बघा, दोन तासांचं काम आहे.

तुमच्या नळाच्या थेंबाची कडी कशी आली ते नक्की कळवा, गावाच्या नावासकट. भेटू पुढच्या भागात!