चंपूचे प्रामाण्य

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्डची वसाहत १८८२ साली वसली. परंतु या परिसराचा मराठ्यांशी जडलेला संबंध त्याहून सुमारे अडीचशे वर्षांनी जुना आहे. १६३८ नंतर शहाजीराजे बंगळुरास राहिले, आणि त्यांच्याच आश्रयाने जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली तो संपादून त्याच्या आधारे शहाजीचे चरित्र उभे केले. हे ऋण मोठेच; तथापि समीक्षकाचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. ही कृती कोणत्या जातीची?

चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्रित काव्य. त्यातील राजस्तुतीत अतिशयोक्ती हा दोष नव्हे, संकेत होय. म्हणून कवीने वर्णिलेला पराक्रम जसाच्या तसा घडला, असे मानता येत नाही. पण केवळ अलंकार म्हणून ती स्तुती बाजूस सारली, तर कृतीतील इतिहासही हरवतो. जयरामाने संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांत रचना केली. त्या जाणणारा श्रोतृवर्ग दरबारी असल्यावाचून अशी योजना कोण करील? स्तुतीचा आशय शंकास्पद असेल, तिचे रूप मात्र साक्ष देते. काव्यविचार आधी, प्रमाणविचार नंतर. हा क्रम मोडला, की काव्यही हातचे जाते आणि इतिहासही.