तपास संपल्यानंतरची गोष्ट

खुनी सापडला की रहस्यकथेचे पुस्तक मिटते. वाचक निर्धास्त होतो आणि दिवा मालवून झोपी जातो. परंतु ज्याने तो खुनी शोधून काढला, त्याचे पुढे काय होते? हा प्रश्न रहस्यकथेने फारसा कधी विचारलेला नाही. किशोर व तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या ‘गुड गर्ल, बॅड ब्लड’ या इंग्रजी कादंबरीने तो विचारला. तिच्या आकर्षणाचे मर्म याच प्रश्नात आहे.

हॉली जॅक्सन या ब्रिटिश लेखिकेचा जन्म १९९२ चा. बालपण बकिंगहॅमशायर परगण्यात गेले. ‘अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर’ ही त्यांची पहिली कादंबरी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बघता बघता शाळकरी मुलामुलींच्या दप्तरांत जाऊन बसली. ‘गुड गर्ल, बॅड ब्लड’ हा तिचा दुसरा भाग एप्रिल २०२० मध्ये आला. करोनाच्या टाळेबंदीमुळे इंग्लंडमधील पुस्तकांची दुकाने तेव्हा बंद होती, तरीही वाचकांनी तो शोधून वाचला. ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड’ या तिसऱ्या भागाने २०२१ मध्ये ही त्रयी पूर्ण झाली.

पहिल्या भागाची कथा थोडक्यात अशी. लिटल किल्टन नावाच्या काल्पनिक गावात अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी होते. तिचा मित्र सल सिंग याने तिला मारून आत्महत्या केली, असा निष्कर्ष काढून पोलीस मोकळे होतात. सलचे कुटुंब भारतीय वंशाचे. गावाने त्याला दोषी ठरवण्यात जी तत्परता दाखवली, तिच्या मुळाशी हे ‘परकेपण’ही होते, याकडे लेखिका आडपडदा न ठेवता बोट दाखवते. पाच वर्षांनी पिप फिट्झ-अमोबी ही सतरा वर्षांची विद्यार्थिनी शालेय प्रकल्पासाठी हेच प्रकरण निवडते आणि सलचा धाकटा भाऊ रवी याच्या साथीने सत्य उकरून काढते. हे सत्य तिला तिच्या अगदी ओळखीच्या, विश्वासाच्या माणसांपर्यंत घेऊन जाते. या खटाटोपात तिचा लाडका कुत्राही जिवाला मुकतो.

एरवी अशा मालिकांचा नायक नव्या पुस्तकात कोऱ्या पाटीने उभा राहतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कितीही संकटांतून गेला, तरी पुढच्या पुस्तकात तितकाच ताजातवाना असे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे प्रत्येक साहसानंतर पुन्हा सायकलवर टांग टाकून ‘ट्टॉक्’ करायला मोकळा! १९३० पासून अमेरिकेत गाजलेली नॅन्सी ड्रू ही तरुण हेरही दशकानुदशके विशीच्या अलीकडेच राहिली. यात कमीपणा काही नाही, मालिकेचा आनंदच त्या अढळपणात असतो. पिपच्या वाट्याला मात्र तो अढळपणा आलेला नाही. दुसरे पुस्तक उघडते तेव्हा ती दचकून जागी होणारी, स्वतःच्याच रागाला घाबरणारी मुलगी झालेली आहे. ‘पुन्हा तपासाच्या फंदात पडणार नाही,’ असे तिने घरच्यांना आणि स्वतःलाही बजावलेले आहे. पहिल्या तपासाची कहाणी ती पॉडकास्टच्या, म्हणजे इंटरनेटवरून ऐकवल्या जाणाऱ्या ध्वनिमालिकेच्या रूपाने सांगते, आणि लाखो लोक ती ऐकतात.

अँडी आणि सल यांच्या सहाव्या स्मृतिदिनाच्या रात्री पिपचा मित्र कॉनर याचा थोरला भाऊ जेमी बेपत्ता होतो. जेमी २४ वर्षांचा. याआधीही तो घर सोडून गेलेला. ब्रिटनमध्ये बेपत्ता व्यक्तीच्या तक्रारीची पोलीस धोक्याच्या पातळीनुसार वर्गवारी करतात आणि त्यावरून तपासाला किती माणसे द्यायची ते ठरते. सज्ञान माणसाला कोणालाही न सांगता निघून जाण्याचा अधिकार आहेच. साहजिकच जेमीची नोंद ‘कमी धोका’ या रकान्यात होते. पोलीस अधिकारी येथे खलपुरुष नाही, तो नियमाने चाललेला आहे. पण आईचा जीव रकान्यात मावत नाही. कॉनर पिपच्या दारात येऊन उभा राहतो, तेव्हा तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: दिलेला शब्द पाळायचा, की माणूस शोधायचा. कादंबरीचा खरा पेच येथे पडतो. जेमी कुठे आहे, हे कोडे त्यानंतरचे.

या तपासाचे साधनही पॉडकास्टच आहे, आणि लेखिकेची नजर येथे विशेष तीक्ष्ण होते. २०१४ मध्ये ‘सीरियल’ या अमेरिकी पॉडकास्टने बाल्टिमोर येथील १९९९ सालच्या एका खून प्रकरणाकडे जगाचे लक्ष वेधले. अदनान सय्यद हा त्या वेळी सतरा वर्षांचा असलेला तरुण त्यात दोषी ठरला होता. पुढे न्यायालयांत निकाल फिरले, पुन्हा उलटले. २०२२ मध्ये सुटलेल्या सय्यदची दोषसिद्धी कायम ठेवून २०२५ मध्ये भोगलेली शिक्षाच पुरेशी मानण्यात आली. हौशी श्रोत्यांचे लक्ष एखाद्या खटल्याला गती देते आणि त्यात गुंतलेल्या माणसांच्या दुःखाची करमणूकही करते, हे जगाला त्या निमित्ताने उमगले. पिपला मिळणारे श्रोते असेच दुधारी आहेत. ते छायाचित्रे पाठवतात, जेमीला कुठे पाहिले ते कळवतात. त्याच वेळी केवळ कार्यक्रमात झळकायला मिळावे म्हणून एक मुलगा धडधडीत खोटी साक्ष देतो. प्रसिद्धीसाठी पिपनेच हा बनाव रचला, असा संशयही तिच्यावर घेतला जातो.

मांडणीही याच काळाला साजेशी आहे. सलग निवेदनाच्या मध्येच मुलाखतींची लिखित प्रत, मोबाइलवरील संदेश, बेपत्ता असल्याची जाहिरात आणि त्या रात्रीच्या हालचालींच्या वेळा येतात. जो पुरावा पिपच्या हाती, तोच वाचकाच्याही हाती. हा जुन्या रहस्यकथेचा प्रामाणिक करार लेखिका बहुतांशी पाळते. जेमीची समाजमाध्यमावरून एका मुलीशी ओळख झालेली असते. तो धागा ओढता ओढता तपास अशा जागी पोहोचतो, जिथे न्याय आणि सूड यांच्यातील रेघ पुसट होते. याहून अधिक सांगणे वाचकावर अन्याय ठरेल.

समांतर चालतो तो मॅक्स हेस्टिंग्ज या तरुणाचा खटला. पार्ट्यांमध्ये मुलींना अमली द्रव्य पाजून अत्याचार केल्याचा त्याच्यावर आरोप आहे. पहिल्या भागातील पिपच्या शोधातूनच ही हकीकत बाहेर आली. सत्य शोधले म्हणजे न्याय मिळाला, असे तिला तोवर वाटत असते. साक्षीदार मुलीला भर न्यायालयात कोणत्या प्रश्नांना सामोरे जावे लागते, हे पाहून त्या समजुतीला तडे जाऊ लागतात.

दोष नाहीत असे नव्हे. एवढ्याशा गावात एवढी गुपिते मावतात कशी, हा प्रश्न वाचकाला पडतोच. पहिली शंभर-एक पाने मागील कथेची उजळणी करण्यात रेंगाळतात. योगायोगांचीही थोडी अतिवृष्टी आहे. तरीही शेवटच्या प्रकरणातील पिपची अवस्था या साऱ्या त्रुटी विसरायला लावते. तिसऱ्या भागाच्या शेवटावरून वाचकांत जे कडाक्याचे मतभेद झाले, त्यांचे बीज याच प्रकरणात आहे.

बीबीसीने पहिल्या कादंबरीवरून केलेली सहा भागांची मालिका जुलै २०२४ मध्ये आली. एमा मायर्स पिपच्या आणि झेन इक्बाल रवीच्या भूमिकेत होते. दुसऱ्या कादंबरीवरील पर्वाची घोषणा त्याच वर्षी झाली. अमेरिकी आवृत्तीत हे इंग्रजी गाव कनेक्टिकट राज्यातील फेअरव्ह्यू झाले आहे. दोन आवृत्त्या एकाआड एक वाचणाऱ्याचा त्यामुळे गोंधळ होतो. हा भाग आधी हाती घेऊ नये, कारण पहिल्याचे रहस्य तो सुरुवातीलाच उघड करतो. लैंगिक अत्याचार आणि हिंसा यांचे संदर्भ असल्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी तो स्वतः वाचलेला बरा.