पेटी बदलावी की भिंग?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरात दादीचा एकच फोटो आहे. हजला जायचे तर पासपोर्ट हवा आणि पासपोर्टला फोटो हवा, म्हणून तो निघाला. एरवी तोही नसता. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. त्यात दादी कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे रागाने पाहते आहे.

आता माझी अम्मी ऐंशीच्या पुढे गेली. तिचा एक तरी चांगला फोटो घरात असावा, असे फार दिवस मनात होते. माझ्याकडे नवशिक्यांचा म्हणतात तसा एक डिजिटल कॅमेरा आहे, तोही वापरलेला घेतलेला. त्याच्यासोबत अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची लेन्स मिळाली होती. अम्मी मगरिबनंतर खिडकीशी बसते. दिवा लावू देत नाही, डोळ्यांना टोचतो म्हणते. त्या उजेडात मी दहा फोटो काढले. दहाही हललेले.

गाठीला थोडे पैसे होते. मुलगी म्हणाली, "अब्बा, कॅमेराच बदला आता." दुकानदारही म्हणाला, "साहेब, बॉडी जुनी झाली." पैसे एकाच वस्तूपुरते, बॉडी तरी घ्यावी किंवा लेन्स तरी. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी मागे वळून पाहण्याची खोड आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसला दागेरची पद्धत जाहीर झाली. इमारती, पुतळे सुरेख निघू लागले. पण माणसाला मात्र कित्येक मिनिटे दगडासारखे बसावे लागे. कारण त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे तोंड अरुंद होते, आजच्या भाषेत सुमारे एफ १५. हा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी एफ ३.६ चे भिंग आखले. आकडेमोड एवढी किचकट, की मदतीला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले गेले. तोफेचा नेम धरणारी माणसे माणसाच्या चेहऱ्यासाठी गणित करीत बसली! फोइग्टलेंडर यांनी ते भिंग घडवले. प्रकाश सोळापटीहून अधिक आत येऊ लागला.

म्हणजे भिंग जिंकले? पुरते नाही. त्याच सुमारास ब्रोमीनच्या वापराने चांदीचा पत्राही अधिक संवेदनशील झाला. भिंग आणि पत्रा, दोघांनी मिळून मिनिटांचे सेकंद केले, आणि तेव्हा कुठे माणसाचा फोटो सुसह्य झाला.

दुसरी गोष्ट १९५० ची. 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन जपानमध्ये होते. जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने त्यांचा एक फोटो काढला. त्याचा रेखीवपणा पाहून डंकन चकित झाले. लेन्स होती जपानची, निक्कोर. तोवर उत्तम भिंग म्हणजे जर्मन, असा जगाचा समज. डंकन थेट कारखान्यात गेले, लेन्स तपासल्या आणि घेतल्या. २५ जूनला कोरियाचे युद्ध सुरू झाले. डंकन तिकडे गेले ते आपलाच लायका घेऊन, फक्त पुढे जपानी लेन्स बसवून. डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही जपानी भिंगांची दखल घेतली.

हे जमले, कारण १९३१ पर्यंत लायकाच्या बॉडीचा ३९ मिलिमीटरचा आटा ठरून गेला होता. त्याच आट्याची लेन्स दुसऱ्याने केली तरी ती बसे. आमच्या पिढीला ठाऊक असलेल्या आगफा क्लिक थ्रीला लेन्स बदलण्याची सोयच नव्हती, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता.

"लेन्स घ्या, बॉडी राहू द्या" हा जुन्या जाणत्यांचा सल्ला त्या काळातला आहे. फिल्मच्या दिवसांत बॉडी म्हणजे काळोखी पेटी. नवी, अधिक वेगवान फिल्म बाजारात आली, की पस्तीस-पन्नास रुपयांचा असो वा लाखाचा, कॅमेरा तेवढ्यापुरता नवा होई. डिजिटलमध्ये ती फिल्म, म्हणजे सेन्सर, पेटीतच कायमची बसवलेली आहे. फिल्म बदलायची तर पेटीच बदलावी लागते. म्हणून दुकानदार अगदीच खोटे बोलत नव्हता. धावती मुले, उडते पक्षी टिपायचे असतील, तर फोकस झटकन धरणारी नवी बॉडी खरोखर उपयोगी पडते.

भिंगही जन्माचे सोबती असतेच असे नाही. निकॉनने १९५९ मध्ये आणलेला एफ माउंट अनेक दशके चालला. कॅननने मात्र १९८७ मध्ये माउंट बदलला आणि जुन्या लेन्स नव्या बॉडीला परक्या झाल्या. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्सना मध्ये अडॅप्टर लागतो. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, ती वेगळीच.

मग मी साधा हिशेब केला. माझी लेन्स पन्नास मिलिमीटरच्या आसपास फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८ पर्यंत. प्रकाश नऊ-दहा पट. जिथे सेकंदाचा सहावा भाग लागत होता, तिथे साठावा पुरेल. माझा हात आणि अम्मीची मान, दोन्ही तेवढा वेळ स्थिर राहू शकतात.

तरी विकत घेण्याआधी ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून तशी एक जुनी लेन्स दोन दिवसांसाठी आणली. बसली, पण फोकस हलेना. अशा लेन्सला बॉडीतली मोटार लागते, आणि माझ्या बॉडीत ती नव्हती. हातानेच कडे फिरवायचे ठरवले. अम्मी म्हणाली, "तुझ्या दादीसारखी रागावून बघू का?" पहिले तीन फोटो धूसर. चौथ्यात डावा डोळा लख्ख आला, पापणीच्या केसासकट.

स्वतःची मोटार असलेली लेन्स घेतली. बॉडी तीच आहे. उरलेल्या पैशांत तो चौथा फोटो मोठा छापून घेतला आणि दादीच्या शेजारी लावला. अम्मीही कॅमेऱ्यामागच्या माणसाकडेच पाहते आहे. फक्त रागाने नाही.