आतड्याचे मूत्राशय

मूत्राशय निकामी झाले किंवा काढावे लागले, तर लघवी जायची कुठे? 1851 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जॉन सायमन यांनी जन्मतः मूत्राशय उघडे असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्यांचा मार्ग गुदाशयात काढला. मुलगा सुमारे वर्षभर जगला. पुढे शंभर वर्षे शस्त्रवैद्य मुख्यतः मोठ्या आतड्याचीच वाट धरत राहिले. पण तिथले जंतू मूत्रपिंडांपर्यंत चढत. शिवाय शोषून घेणे हा आतड्याचा धर्मच. लघवीतले अमोनियम व क्लोराइड पुन्हा रक्तात जाऊन आम्लता वाढे. शस्त्रक्रिया यशस्वी आणि रोगी खंगत चाललेला, असा प्रकार!

1950 मध्ये अमेरिकेत यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा तुकडा रक्तपुरवठ्यासह वेगळा करून त्याचे एक तोंड पोटावर आणण्याची पद्धत मांडली. लघवी आत साठत नाही, बाहेरच्या पिशवीत उतरते. म्हणून शोषणही कमी. पण हे छिद्र पोटावर नेमके कुठे असावे? आमच्या कोल्हापूरकडे धोतराची गाठ आणि लुगड्याच्या निऱ्या तिथेच येतात. भांगलायला बसले की पोटाला घडी पडते, घामाने पिशवीची चिकटपट्टी सुटते. म्हणून रोग्याला आधीच उभे करून, बसवून, वाकवून कातडीवर खूण करायची असते. आम्हाला ही खूण शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची वाटते.

1980 च्या दशकात हाउटमान, श्टुडर यांनी आतड्याची पिशवी करून ती मूळच्या मूत्रमार्गालाच जोडली. यातले गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. आतड्याची नळी उभी चिरून दुमडली की लांबी निम्मी, त्रिज्या दुप्पट. म्हणजे घनफळ दुप्पट. आकुंचनाच्या लाटाही एका दिशेने जात नाहीत, त्यामुळे दाब कमी राहतो. मात्र या पिशवीला भरल्याची नेहमीची जाणीव नसते. रात्री गजर लावून उठावे लागते.

मग रोग्याला सुखाचे काय? प्रश्नावल्या भरून घेऊन तुलना झाल्या, पण निःसंशय सरस अशी एकही पद्धत ठरली नाही. नवे मूत्राशय बहुधा तरुण, धडधाकट रोग्यांना मिळते, त्यामुळे तुलनाच अवघड. शिवाय प्रचलित प्रश्नावल्या युरोप-अमेरिकेत घडलेल्या. पंगतीत मांडी घालून बसता येते का, एस.टी.च्या लांबच्या प्रवासात काय करता, हे त्या विचारत नाहीत.

काही रोग्यांना पिशवी नळी घालूनच रिकामी करावी लागते. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशय रिकामे न होणाऱ्या मुलांनाही हेच करावे लागते. 1972 मध्ये जॅक लॅपिडिस यांनी दाखवले, की नळी निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ हवी; वेळच्या वेळी रिकामे करणे अधिक मोलाचे, कारण ताणलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंचे फावते. साधारण दर तीन-चार तासांनी हे करायचे. शाळा अकरा ते पाच असेल, तर एक वेळ तरी शाळेतच येते. त्यासाठी लागते नळी, साबण, पाणी आणि आतून कडी लागणारे दार.