फॅन फिल्म म्हणजे काय? मालेगावचा ‘सुपरमॅन’, ‘स्टार ट्रेक’चे नियम आणि आपला कायदा

पुणे-लोणावळा लोकलने जाताना देहूरोडनंतर आणि तळेगावच्या आधी घोरावाडी हे छोटं स्टेशन लागतं. समजा, तिथल्या चार मित्रांनी मोबाइलवर दहा मिनिटांची ‘स्टार वॉर्स’ची गोष्ट शूट केली. कथा त्यांची, पण जेडाय आणि लाइटसेबर मूळ चित्रपटातले. एक रुपयाही न कमावता त्यांनी ही फिल्म यूट्यूबवर टाकली, तर ती चोरी ठरेल का?

फॅन फिल्म म्हणजे नेमकं काय?

गाजलेल्या चित्रपटाची, मालिकेची किंवा कॉमिक्सची पात्रं आणि त्यांचं विश्व घेऊन चाहत्यांनी स्वतः बनवलेली फिल्म म्हणजे फॅन फिल्म. ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ‘हार्डवेअर वॉर्स’ ही त्याची खिल्ली उडवणारी छोटी फिल्म आली. तिच्यात अवकाशयानांच्या जागी चक्क इस्त्री आणि टोस्टर उडताना दिसतात.

मालेगावने काय केलं?

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचं. यंत्रमागांचं हे शहर. शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगारांची पावलं सिनेमाकडे वळतात. इथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ बनवला. स्थानिक कलाकार, स्थानिक विनोद आणि अगदी तुटपुंजं बजेट. तरीही लोकांनी तो डोक्यावर घेतला.

पुढे त्यांनी थेट सुपरमॅनलाच मालेगावात आणलं. यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख त्याचे नायक होते. क्रेन म्हणून बैलगाडी वापरली, ट्रॉलीचं काम सायकलने केलं. हिरव्या कापडासमोर शूटिंग करून सुपरमॅनला उडवलं. शूटिंगदरम्यान कॅमेरा पाण्यात पडण्याचीही वेळ आली. हा सगळा खटाटोप फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात पाहायला मिळतो. शफीक यांचं पुढे कर्करोगाने निधन झालं. याच मित्रांच्या गोष्टीवर रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला.

‘स्टार ट्रेक’चा वाद काय होता?

फॅन फिल्म लहान असते तोवर मूळ कंपन्या बऱ्याचदा तिच्याकडे काणाडोळा करतात. अडचण येते ती पैसा मोठा झाला की. अमेरिकेत ‘अॅक्सनार’ या ‘स्टार ट्रेक’वरच्या फॅन फिल्मसाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरहून जास्त वर्गणी जमली. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएसने निर्मात्यांवर दावा ठोकला. जानेवारी २०१७ मध्ये तो तडजोडीने मिटला.

दरम्यान, जून २०१६ मध्ये कंपन्यांनी फॅन फिल्मसाठी नियमावली जाहीर केली. त्यातले मुख्य नियम असे:

- एक गोष्ट १५ मिनिटांची, किंवा दोन भागांत मिळून ३० मिनिटांची असावी.
- वर्गणी ५० हजार डॉलरपेक्षा जास्त नसावी.
- कलाकार आणि तंत्रज्ञ हौशी असावेत, त्यांना मानधन देऊ नये.
- मुख्य नावात ‘स्टार ट्रेक’ हे शब्द नसावेत.
- फिल्म विकू नये.

चाहत्यांना हे नियम जाचक वाटले. पण किमान रेषा कुठे आहे, हे तरी कळलं.

भारतातला कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये ‘फॅन फिल्म’ असा शब्दच नाही. कलम ५२ नुसार खासगी वापर, टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा आहे. विडंबनाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. मात्र १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या मल्याळी नाटकावर टीका करणाऱ्या प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. मूळ कृतीतून किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि नवी कृती मूळ कृतीशी स्पर्धा करते का, हे न्यायालयाने पाहिलं.

म्हणजेच मूळ कृतीवर भाष्य करणाऱ्या विडंबनाची बाजू तुलनेने भक्कम असते. फक्त प्रेमापोटी त्याच विश्वात नवी गोष्ट सांगणाऱ्या फिल्मची बाजू कमकुवत. ‘आम्ही पैसे कमावले नाहीत’ एवढ्याने सुटका होत नाही.

मग करायचं काय?

मूळ चित्रपटाचं संगीत किंवा दृश्यं जशीच्या तशी वापरू नयेत. यूट्यूबची यंत्रणा ती आपोआप ओळखते आणि मालक व्हिडिओ अडवू शकतो किंवा त्याची कमाई स्वतःकडे वळवू शकतो. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक ९० दिवसांत लागले, तर चॅनेलच बंद होऊ शकतो. त्यामुळे त्या फ्रँचायझीचे फॅन फिल्मविषयीचे नियम आधी वाचावेत आणि ही अधिकृत फिल्म नाही, हे ठळक लिहावं. अर्थात, तसं लिहिल्याने परवानगी मिळत नाही. फक्त प्रेक्षकांची दिशाभूल टळते.

घोरावाडीतल्या त्या चार मित्रांसाठी उत्तर एवढंच: फिल्म इंटरनेटवर राहील की नाही, हे बऱ्याच अंशी मूळ मालकाच्या मर्जीवर अवलंबून असेल. पण जेडाय आणि लाइटसेबर बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचा नायक आणि स्वतःचं विश्व उभं केलं, तर त्याचे मालक तेच असतील.