बालाघाटातील अफू आणि पर्यायी शेतीचा प्रश्न

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या डोंगररांगेलगत वसलेल्या पाली गावाजवळ बिंदुसरा नदी अडवून जलाशय केलेला असला, तरी या परिसरातील चढणीवरची जमीन हलकी व मुरमाड असून ती आजही मुख्यतः पावसाच्या भरवशावर पिकते. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात बाजरी, ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन ही पिके घेतली जातात. परंतु त्यांच्यावर वर्ष निघत नसल्यामुळे जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. बीड जिल्ह्यातील अफूच्या प्रकरणाचा अर्थ या पार्श्वभूमीवरच लावावा लागतो.

२०१२ च्या आरंभी याच जिल्ह्यात, विशेषतः परळी परिसरात, अफूची झाडे उभी असलेली शेते पोलिसांना आढळली आणि शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आपण खसखस पेरली होती, असे त्यांपैकी काहींचे म्हणणे होते. हे म्हणणे सरसकट बनाव म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण अनारशावर लावली जाणारी आणि मसाल्यात वाटली जाणारी खसखस हे अफूच्याच झाडाचे बी होय. हिरव्या बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणारा चीक वाळला की त्याची अफू होते, तर बोंड वाळल्यावर आतून निघणारे बी निरुपद्रवी असते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यानेही बोंडे आणि झाडाचे इतर भाग नियंत्रणाखाली आणताना बी त्यातून वगळले आहे. मात्र परवान्याविना झाड लावणे हाच गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अशा पिकाची खबर देण्याचे कर्तव्य जमीनधारकावर व गावकामगारांवरही टाकलेले आहे. खसखस बाजारात उघड विकली जाते आणि तिचे झाड लावल्यास तुरुंगवास होतो, ही विसंगती गावोगाव समजावून सांगितली जाणे आवश्यक होते.

अफूचे पीक मराठी मुलखाला सर्वस्वी अपरिचित नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खानदेशात ते घेतले जाई. परंतु त्याची खरी भूमी होती ती होळकर व शिंदे यांच्या अमलाखालील माळवा. १८१८ च्या मराठ्यांच्या पराभवानंतर ईस्ट इंडिया कंपनीने माळव्याची अफू मक्तेदारीखाली आणण्याचा प्रयत्न केला, पण संस्थाने आणि सावकार यांचे हितसंबंध त्या व्यापारात इतके गुंतलेले होते, आणि पोर्तुगीजांच्या दमणकडे जाणारी चोरवाट इतकी सोयीची होती, की अखेर तो नाद सोडून १८३१ पासून मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर १७५ रुपयांचा मार्गकर घेण्यावर कंपनीला समाधान मानावे लागले. सिंध जिंकल्यावर हा कर चुकवणारी कराचीची वाटही बंद झाली आणि १८४७ पर्यंत हा कर ४०० रुपयांवर गेला. चीनशी १९०७ मध्ये झालेल्या करारानंतर तिकडे होणारी निर्यात आटत गेली व १९१३ मध्ये थांबली. पुढे लागवड परवान्याच्या चौकटीत आली आणि मंदसौर, नीमच, चित्तोडगड यांसारख्या जिल्ह्यांत ती आजही औषधी उपयोगासाठी सरकारच्या देखरेखीखाली चालते. बालाघाटाचा प्रदेश या परवाना पद्धतीच्या चौकटीत कधीच नव्हता.

हा तपशील महत्त्वाचा ठरतो, कारण २०१२ च्याच फेब्रुवारीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय अमली पदार्थ धोरणात उपग्रहाद्वारे बेकायदा पीक शोधणे व ते नष्ट करणे यांबरोबर उपजीविकेच्या पर्यायांचाही विचार असला, तरी तो पारंपरिक बेकायदा लागवडीच्या ठाऊक असलेल्या टापूंपुरता होता. बीडला अशी परंपरा नाही; येथे पीक उपटण्याची यंत्रणा पोहोचते, पर्याय देण्याची पोहोचत नाही. थायलंडचा अनुभव याच्या उलट क्रमाचा आहे. तेथे राजा भूमिबोल यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेल्या शाही प्रकल्पाने उत्तरेकडील डोंगराळ भागात कॉफी, फळे व भाजीपाला यांची लागवड, रस्ते आणि खरेदीची सोय आधी उभी केली. अफूचे पीक मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्याची मोहीम त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी हाती घेतली गेली. यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खरेदीची हमी, कारण अफू कमी वजनात अधिक पैसा देते आणि तिचा खरेदीदार बांधावर येतो.

बीडच्या संदर्भात असे पर्याय कल्पनेतून शोधावे लागत नाहीत, कारण ते जिल्ह्यात रुजलेले आहेत. तुतीचा पाला खाऊ घालून रेशीम अळ्यांचे संगोपन करण्याचा व्यवसाय येथे मोठ्या प्रमाणावर पसरला आहे; तुतीला उसापेक्षा पाणी कमी लागते, एकदा लावलेली बाग अनेक वर्षे टिकते आणि अंडीपुंजांपासून, म्हणजे रेशीमकिड्यांच्या अंड्यांच्या समूहांपासून, कोष तयार होईपर्यंत साधारण महिनाभराचाच काळ जात असल्याने वर्षातून अनेकदा पैसा हाती येतो. कोष विकण्यासाठी पूर्वी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. जालना व बीड येथे खरेदी सुरू झाल्यावर हा खर्च व धोका कमी झाला, आणि या व्यवसायाच्या वाढीमागे तुतीच्या गुणांइतकाच या बाजारपेठांचा वाटा आहे. सीताफळाची स्थिती याहून दुबळी आहे. बालाघाटाच्या माळरानावर जवळजवळ आपोआप वाढणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, मिळाले आणि अंबाजोगाई येथे त्यासाठी संशोधन केंद्रही आहे. परंतु पिकलेले फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, त्यामुळे गर काढून गोठवण्याची सोय गावाजवळ नसेल तर मानांकनाचा लाभ उत्पादकाऐवजी व्यापाऱ्याकडेच जातो.

म्हणून पर्यायी उपजीविकेचा निकष पारंपरिक लागवडीचा टापू हा नसून पाणी, कर्ज आणि स्थलांतर यांनी जखडलेली कोरडवाहू शेती हा असला पाहिजे. तो बदलून पाली, धारूर, परळी यांसारख्या भागांत कोष खरेदी, शीतगृह व गर प्रक्रियेची कायम व्यवस्था उभारणे हे राज्य शासनाचे आणि बाजार समित्यांचे काम आहे, आणि ते शेतात पुन्हा पोलीस पोहोचण्याआधी झाले पाहिजे.