साबण काळा पडेपर्यंत

१९७२ साली जुनी अकरावी झालेल्या आमच्या टेक्निकल तुकडीला बाकीचे वर्ग ‘पत्रेवाले’ म्हणत. संस्कृत घेणारे हुशार आणि आम्ही कानस घासणारे. स्मरणिकेत संस्कृतवाल्यांचे लेख भरपूर असणारच, म्हणून मी एका पत्र्याचा इतिहास लिहितो.

नोकरीमुळे मी इंग्लंडात स्थायिक झालो. तिथे घरच्या गॅरेजमध्ये मोटार बांधणारे लोक पाहून आधी नवल वाटले. त्यामागे हौस आहे, तसा करही आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही दोन आसनी गाडी आणली. तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर बसे, सुट्या भागांच्या संचावर बसत नसे. मात्र संचाबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत. म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या वाचल्या, असे तिकडे अजून हसत सांगतात. (आपल्या एखाद्या जुन्या कारकुनालाही हे सुचले असते!) नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर बहुतेक सपाट अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, त्यामुळे साध्या हत्यारांनी काम भागे. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला, सवलत संपली, पण त्याच वर्षी केटरहॅमने सेव्हनचे हक्क घेतले आणि गाडी चालूच राहिली. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी तशी गाडी अडीचशे पौंडांत घरी कशी बांधावी याचे पुस्तक काढले. हे गृहस्थ आउंडल इथल्या शाळेत शिकवत. शाळामास्तरांचे पुस्तक म्हटल्यावर मी ते घेतलेच.

सांगाडा आणि इंजिन यांत दोन हिवाळे गेले. ते सोडतो. फजिती झाली ती डॅशबोर्डात. पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा. मीटरची भोके नीट पडली. आता खालची कड गोल करून आत वळवायची होती, कारण तिकडच्या तपासणीत गुडघ्याला लागेल अशी धार चालत नाही. मी स्क्राइबरने रेघ मारली, पत्रा व्हाइसमध्ये धरला आणि वाकवला. रेघेवरच टचकन तडकला. एक तर पत्रा कडक जातीचा, त्यात मी त्यावर ओरखडा काढलेला.

त्या रात्री आपल्या वर्कशॉपचे सर आठवले. रेघ पेन्सिलीने मारायची, हे त्यांनी किती वेळा बजावले होते! ते म्हणत, “लोखंड तापले की लाल होऊन सांगते. अ‍ॅल्युमिनियम सांगत नाही, ६६० अंशांना एकदम वितळते.” म्हणून ते पत्र्यावर धुण्याचा साबण घासत आणि ब्लोलॅम्पची ज्योत मागून फिरवत. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला. पत्रा मऊ झालेला असे. आम्ही मागे बसून हसायचो, कारण साबण मोरीवरचा असायचा.

दुसरा पत्रा मी तसाच मऊ केला. घरातले लाटणे कडेखाली धरून लाकडी हातोडीने हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाच-सहा फेऱ्यांत वळवला. एका जागी जोर केला तर पत्र्याला लाटा येतात आणि ठोकून ठोकून तो पुन्हा कडक होतो. मधे एकदा परत साबण लावावा लागला. लाटणे सौभाग्यवतींनी परत घेतले नाही.

गाडी तपासणीत पास झाली तेव्हा सर हयात नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना एक पत्रही लिहिले नव्हते. आता टेक्निकलची तुकडीही नाही, आणि वर्कशॉपची शेड पाडून तिथे गाड्या लावायला जागा करणार असे कळले. समितीतल्या मित्रांनो, पाडण्याआधी निदान ती टेबले आणि व्हाइस तरी बाहेर काढून ठेवा. तो तडकलेला पहिला पत्रा मी टाकलेला नाही. मेळाव्याला येताना घेऊन येतो. खिडकीजवळचा माझा व्हाइस अजून असला, तर त्यातच धरून ठेवू.